धृपदाची जागा

"वहिनी, बोटभरच कापा. कापलेली तार पुन्हा वाढत नाही," खालून शिडी धरलेले रघुवीरभावोजी ओरडले.

"मला शिकवता? तुमच्या लग्नातला सदरा मीच बेतानं आखूड केला होता ना!" पद्मावतीबाई वरून म्हणाल्या.

अकरा प्रकाशवर्षं दूरच्या एका ढगावर आपटून बावीस वर्षांपूर्वीच्या रेडिओलहरी हल्ली पृथ्वीवर परतत होत्या. तेव्हा पद्मावतीबाईंच्या यजमानांनी, कीर्तनकार बुवांनी, चाचणीच्या नावाखाली घरच्या हौशी रेडिओ सेटवरून कीर्तन पाठवलं होतं. ते आज संध्याकाळी सहाला यायचं होतं, आणि एकदाच. बुवांना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

दोन पोफळींमधली एरियलची तार बाईंनी आणखी बोटभर कापली. सेटच्या मीटरचा काटा खाली आला; तार लहरींशी जुळली.

सहाला खरखरीतून बुवांचा आवाज आला. त्यांनी अभंगाचा चरण म्हटला आणि ते थांबले. मागून धृपद धरायचं काम बाईंचंच असे, पण त्या दिवशी त्या रुसून स्वयंपाकघरात बसल्या होत्या. बुवा वाट पाहत होते.

बाईंनी झांजा उचलल्या आणि धृपद धरलं.

ते संपलं, तसा बुवांनी पुढचा चरण घेतला.