दाढेतली चार वर्षं

यदुनाथच्या काढलेल्या दाढेचा काप पडद्यावर दिसत होता. त्यात खोडासारखी वर्षागणिक वलयं होती. डॉक्टर पावगींनी चार काळपट वलयं दाखवली.

“चेतापेशी मारणारं विष या चार वर्षांत अंगात गेलंय. तेव्हा कुठे राहत होता?”

“धरणावर. मासे धरायचे हे,” त्याची बायको कुमुद म्हणाली. “पाण्यावर सारखं शेवाळ असायचं.”

“विष त्यातलंच. ते मासे आणखी कोणी खाल्ले? लक्षणांआधी औषध दिलं, तरच आजार थांबतो.”

कुमुदने नवऱ्याकडे पाहिलं. आजाराने यदुनाथचे हातपाय लुळे पडले होते, वाचाही गेली होती. तो नजरेने अक्षरं निवडायचा आणि यंत्र बोलायचं.

“मी एकटाच,” यंत्र म्हणालं.

मासे रांधून वाढणाऱ्या आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून नवरा खोटं बोलतोय, हे कुमुदला कळलं. बाहेर बाकावर त्यांची एकोणीस वर्षांची शलाका बसली होती.

“नाही डॉक्टर,” कुमुद कशीबशी म्हणाली. “आम्ही तिघंही खायचो. पहिला तुकडा मी पोरीला वाढायचे.”

दोघी मायलेकींची एकेक दाढ काढून तपासली. त्यांतही तीच वलयं निघाली, पण हातपाय अजून शाबूत होते. त्याच दुपारी दोघींना पहिलं इंजेक्शन मिळालं. कुमुद मान खाली घालून यदुनाथजवळ येऊन बसली.

“बरं केलंस,” यंत्र म्हणालं.