आत्याची अरुंधती

“आता नवरीनं अरुंधती पाहावी,” तरुण गुरुजींनी रीत म्हणून आकाशाकडे बोट दाखवलं. वर जाहिरातीच्या उपग्रहांच्या रांगा सरकत होत्या. त्यांच्या झगमगाटात तारा दिसून तीस वर्षं झाली होती.

“साबणाची जाहिरात दिसतेय,” नवरी ऊर्वी म्हणाली.

“थांब गं!” विमलआत्यानं मोठा फोटो पुढे केला. आदल्या रात्री गच्चीवर तिचा सर्वांत स्वस्तातला कॅमेरा चार तास, दर वेळी अर्धा मिनिट झडप उघडी ठेवून, फोटो काढत होता. त्यांतले तारे एकमेकांवर जुळवून तिनं सगळे फोटो एकावर एक ठेवले आणि जे जे पळत होतं ते पुसून टाकलं. उरला होता वसिष्ठ आणि त्याला खेटून अरुंधती.

गुरुजींनी फोटो दोन्ही हातांत घेतला. “दीडशे लग्नांत नुसतं बोट दाखवलं, आत्या. आज पाहिली!”