वायर खाणारी खार

आकारामच्या हॅम रेडिओची गच्चीवरली वायर महिन्यात तिसऱ्यांदा तुटली, तसा त्यानं आजऱ्यातल्या तमाम खारींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नवी वायर ओढली आणि तिला गुपचूप लवंगी मिरचीचं तिखट फासलं.

त्याची बायको चिमणाबाई मात्र खार खाऊन होती गोव्याच्या बाईवर. घरात ‘च्या टाक’च्या पुढं अवाक्षर न बोलणारा हा माणूस रोज संध्याकाळी रेडिओवर त्या बाईशी बोलायचा. ‘ओव्हर’ म्हणून तिला पाळी द्यायचा आणि तिचं संपेपर्यंत जिवाचे कान करून बसायचा.

दुसऱ्या दिवशी वायर पुन्हा तुटली. आकाराम तणतणत खाली आला, तर चिमणाबाई तोंडातली सुपारी थुंकून तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. शेजारी तिचा अडकित्ता पडला होता. त्याच्या पात्याला लालभडक तिखट लागलं होतं.

“आगं, म्हंजे तू व्हय ती खार?”

“व्हय, मीच. तीस वर्सं झाली, माझं बोलणं तुमी कधी पुरतं ऐकून घेतलं न्हाय. आज ऐकलासा. आता तुमची पाळी. ओव्हर.”