नऊ पॉइंट आठ

शेजारच्या प्रयोगशाळेत पुन्हा हशा पिकला. सव्वीस वर्षांत माझ्या तासाला कुणी हसलं नव्हतं, आणि या सोनटक्केबाईंना शाळेत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

मी तडक आत शिरलो. मुलांनी दोऱ्याला भलंमोठं कुलूप टांगून लंबक केला होता. फळ्यावर गुरुत्वाचं उत्तर होतं नऊ पॉइंट एक. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

“चुकलं! नऊ पॉइंट आठ यायला हवं. माझ्या प्रत्येक बॅचचं येतं.”

“हो सर, कुठे चुकलं तेच शोधतोय,” बाई म्हणाल्या. तेवढ्यात एक मुलगी ओरडली, “आपण दोरा कुलपाच्या कडीपर्यंतच मोजला, मध्यापर्यंत मोजायचा राहिला!” पोरं टाळ्या पिटत तिच्याभोवती जमली. चूक सापडल्याचा एवढा आनंद? माझ्याकडे अचूक उत्तरं होती, तरी एक टाळी नव्हती.

मग तीच मुलगी माझ्याकडे वळली. “सर, माझ्या ताईच्या प्रयोगवहीत नऊ पॉइंट आठच आहे. पण शाळेचं एकुलतं एक स्टॉपवॉच आम्ही परवा खोक्यातून काढलं, तेव्हा खोक्याचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. मग ताईच्या वर्गानं वेळ मोजली कशानं?”

उत्तरावरून उलटं गणित करून आकडे मीच दरवर्षी फळ्यावर लिहून देत होतो.

“सरांच्या हाताला घड्याळ आहे की,” बाईंनी मला सावरून घेतलं. त्याचाच जास्त राग आला.

मुलगी माझ्या मनगटाकडे बघत राहिली. माझ्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता.