ऐकू आलं नाही तर

नर्स ग्लेनिसला कमी ऐकू येतं, हे कार्डिफच्या वॉर्डात वीस वर्षं कुणाला कळलं नव्हतं. ती ओठांवरून बोलणं ओळखायची. एकदा मास्क लावलेल्या डॉक्टरांनी डोस सांगितला, तिने अंदाजाने मान डोलावली. रुग्णाला दुप्पट औषध गेलं. रुग्ण वाचला, परवाना मात्र टांगणीला लागला. चौकशी समितीने तिच्यापुढे पिवळं कार्ड ठेवलं होतं: ऐकू आलं नाही तर उचलायचं. "सकाळपासून शोभेला ठेवलंय का?" तिच्या वकीलबाईंनी विचारलं. "उचललं तर म्हणतील, हिला कामच जमणार नाही," ग्लेनिस म्हणाली. अध्यक्षांनी चहाचा कप ओठांशी धरून काहीतरी विचारलं. सवयीने डोलू लागलेली ग्लेनिसची मान थबकली. तिने कार्ड उचललं. "पुन्हा सांगा. ऐकू आलं नाही." अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "विचारत होतो, तेव्हा तुम्ही डॉक्टरांना काय म्हणायला हवं होतं?" "हेच," ती म्हणाली.