रहस्यपटाचं मुखपृष्ठ

कॉलेजच्या मुलांनी काढलेल्या रहस्यपटाचं पोस्टर आणि तेच चित्र असलेलं कॉलेज-मासिकाचं मुखपृष्ठ तिच्या गळ्यात पडलं होतं. प्रेसवाला फोनवर फोन करत होता. चित्रपटात शेवटी खुनी निघतात तिचेच बाबा. फुकटात दुसरं कोणी मिळालं नव्हतं. चेहरा छापला तर रहस्य बोंबललं, न छापला तर बाबा रुसणार. "बाबा, नुसता हात घेऊ? सुऱ्यासकट?" "हात कोण ओळखतंय? रजा टाकून खून केलाय मी!" तिने नखं कुरतडत येरझारा घातल्या, फोटो हलवले, पुन्हा लावले. अखेर सगळ्यांचेच चेहरे सारख्या आकारात मांडले; प्रत्येकाच्या नजरेत संशय. आता खुनी कोण, कुणाच्या बापाला कळणार नाही. प्रेसला पाठवलं, बाबांनाही. तरी चैन पडेना. तेवढ्यात झाडून सगळ्या ग्रुपांवर मुखपृष्ठ झळकलं. बाबांनी स्वतःच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढून लिहिलं होतं, "खुनी मीच. सहकुटुंब या."