चित्रातला ब्राउझर

सगळ्या मॉनिटरवर चित्र चढवून झालं, तेव्हा हृषीकेशने पडद्यांकडे पाठ फिरवली.

सकाळपासून टेलिफोनची लाइन बंद होती, म्हणजे इंटरनेटही बंद. आणि क्लासला पैसा देणाऱ्या कंपनीच्या दिल्ली ऑफिसच्या मॅडम तर एरोड्रमवर उतरून निघाल्यासुद्धा होत्या. क्लासचे मालक संजीवजी यांनी मग तोडगा काढला. ब्राउझर उघडा आहे असं एक चित्र बनवायचं, पडदाभर पसरायचं, आणि फोटोसाठी त्याच्यापुढे क्लासला येणाऱ्या मिलच्या माणसांना बसवायचं. "फोटो में क्या फर्क पड़ता है, भिया," ते म्हणाले, "दिखना चाहिए, बस."

चित्र हृषीकेशने बनवलं. आणि बनवलं ते नेमकं त्या ब्राउझरचं, ज्याचं नाव काढलं की त्याच्या कपाळाची शीर उठायची. तो धंद्याने सॉफ्टवेअर लिहिणारा. क्लास घेणं हे संजीवजींनी त्याच्या गळ्यात मारलेलं जास्तीचं काम. ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपन्या, सगळ्यांबद्दल त्याची मतं ठरलेली होती आणि इंदूरच्या पलासियातल्या प्रत्येक पोह्याच्या ठेल्यावर ती ऐकून झाली होती. तो म्हणायचा, ही कंपनी ब्राउझर फुकट वाटते ते काही धर्म म्हणून नाही. शेजारचं दुकान बसेपर्यंत फुकट, मग सगळा बाजार आपलाच. हिची सिस्टिम चालते कमी आणि अडून बसते जास्त. एकच वेबपान दोनदा लिहावं लागतं, एकदा नियमाने आणि एकदा या ब्राउझरच्या लहरीने. स्वतःच्या घरच्या मशीनवर त्याने लिनक्स, कुठल्याच कंपनीची नसलेली सिस्टिम, चढवलं होतं आणि तो ते सोवळ्यासारखं पाळायचा. त्याच कंपनीला त्याने गेल्या आठवड्यात आपला बायोडेटा ईमेल केला होता, हे मात्र ठेल्यावर कोणाला माहीत नव्हतं.

निवेदिता मॅडम आल्या. बाई साध्या होत्या, हसून बोलत होत्या. मिल बंद पडलेल्यांना कॉम्प्युटर शिकवायची योजना त्यांच्या कंपनीची, म्हणजे त्या ब्राउझरवाल्याच कंपनीची. ही मशीनंही तिनेच दिलेली. विजयनगरला डेटा एन्ट्रीचं ऑफिस निघणार होतं आणि या क्लासमधून दोघांना तिथे घ्यायचं होतं. कोणाला, ते मॅडम स्वतः पाहून ठरवणार होत्या. म्हणून सगळे धुतलेले कपडे घालून आले होते. शिकणाऱ्यांतल्या तुकोजींनी तर दाढीही करून घेतली होती.

मॅडम पहिल्या रांगेत सरलाबाईंपाशी थांबल्या. सरलाबाई मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होत्या, तुटलेला धागा जोडायच्या. मिलला टाळं लागल्यापासून त्या जुन्या इंदूरात लोकांचे पापड लाटत होत्या. चित्राची गोष्ट शिकणाऱ्यांना कोणी सांगितलीच नव्हती. नुसतं बसायचं आहे, एवढंच संजीवजी बोलले होते.

"दिखाइए, आपने क्या सीखा," मॅडम म्हणाल्या.

सरलाबाईंना हे येत होतं. निळ्या अक्षरांखाली रेघ दिसली की तिथे बाण न्यायचा आणि बटण दाबायचं, म्हणजे दुसरं पान उघडतं, हे हृषीकेशनेच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी बाण नेमका तिथे नेला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी परत दाबलं. मग थोडं थांबून, श्वास रोखून, जोरात दाबलं. पान हललं नाही. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"सर," त्या हृषीकेशकडे न बघताच म्हणाल्या, "माझ्याकडून काही गडबड झाली का?"

हृषीकेशने तोंड उघडलं, पण संजीवजी त्याच्या आधी बोलले. ते मॅडमकडे वळून, समजावल्यासारखे हसले. "मिल की हैं ना, मैडम. हाथ अभी सेट नहीं हुआ."

मॅडमनी समजल्यासारखी मान हलवली आणि त्यांची नजर शेजारच्या खुर्चीवरच्या तुकोजींकडे गेली.

हृषीकेश वाकला. "काकू, तुम्ही बरोबर केलंत," तो हळूच म्हणाला. "तिथे पानच नाहीये. ते नुसतं चित्र आहे."

तो हे मराठीत बोलला. मॅडमना मराठी येत नव्हती, आणि हे त्याला बोलायच्या आधीपासून ठाऊक होतं.

"क्या कहा आपने?" मॅडमनी वळून विचारलं. त्या खरंच विचारत होत्या. संजीवजी हृषीकेशकडे एकटक बघत होते. एक वाक्य हिंदीत बोललं असतं तरी पुरे होतं. ठेल्यावर त्याला अशी वाक्यं कधी कमी पडली नव्हती.

"कुछ नहीं, मैडम," तो म्हणाला. "मैंने कहा, आराम से कीजिए."

सरलाबाईंना हिंदी चांगली कळत होती. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. बाजारात भाजी उचलून बघावी आणि परत ठेवून द्यावी, तसं त्यांनी त्याला पाहिलं.

फोटोवाला पुढे आला. सगळ्यांनी पडद्याकडे बघा, म्हणाला. मॅडम मागे उभ्या राहिल्या, त्यांच्या बाजूला संजीवजी, आणि संजीवजींनी खांद्याला धरून हृषीकेशलाही रांगेत ओढून घेतलं.

"आंटीजी, हाथ माउस पर," फोटोवाला म्हणाला.

सरलाबाईंनी आपला उजवा हात पदराला पुसला, नीट, एकेक बोट, आणि मांडीवर ठेवला.